केळ

मार्फा नावाची बाई आली होती फाल्गुनात,
झरीपर्यंत जीपनं, पुढं पायी, हिवरधऱ्याच्या पोडावर.
ओनेगा नावाच्या तळ्याकाठची. तळं म्हणजे
पलीकडचा काठ दिसत नाही एवढं, म्हणाली,
आणि हिवाळ्यात त्याच्यावरून गाडी जाते.
तिचे लोक वेप्स. आता सगळे मिळून
वणीच्या बाजारात मावतील.

लेतूबाई आत्राम मोहाची फुलं वेचत होती.
तिनं टोपली खाली ठेवली नाही.
"हिच्या देसात मोहा हाय का?"
नाही.
"मंग मानसं भेटल्यावर करतेत काय?"

दुभाष्या मी. तोही अर्धाच.
मार्फाच्या मोडक्या इंग्रजीतून माझ्या मराठीत,
तिथून पुढं सातवीतला जैतू,
कारण सतरा वर्षं या शाळेत काढून
मला कोलामीत पाणी मागता येतं,
ते का आटलं, हे विचारता येत नाही.

ईर, लेतूबाई म्हणाली.
वेझी, मार्फा म्हणाली.
पाण्यासाठी दोघी एकमेकींच्या तोंडाकडं बघत राहिल्या,
जसं दुसरीनं विणलेलं सूप बघावं,
काडी कुठून आत गेली, कुठं वळली.

तिच्या बोलीत जिभेला म्हणतात केळ.
भाषेलाही केळच.
पोरं लोळली हसून.
मार्फानंही जीभ काढून दाखवली,
मग म्हणाली, आजीची मात्र
शाळेत सोलली.

आजी दुसरीत होती.
तिच्या बोलीतली पुस्तकं नुकतीच छापून आलेली,
शाईचा वास गेला नव्हता.
एका थंडीत मास्तरांनी ती गोळा केली
आणि वर्गातल्याच शेगडीत घातली.
खोली छान ऊबदार झाली, आजी सांगायची,
त्या उबेचीच लाज वाटायची तिला, मरेपर्यंत.
पुढं कागदावर आलं: रशियन.
विचारलं नव्हतं कुणी.
लिहिणाऱ्याला सोपं जात होतं.

जैतूनं हे सगळं कोलामीत सांगितलं.
त्यातला मास्तर तेवढा मला कळला.

मागच्या शिरगणतीला हा पोड माझ्याकडं होता.
सत्तेचाळीस घरं, एक दिवस, ऊन.
मातृभाषा.
पहिल्या घरी विचारलं. दुसऱ्या घरी घरात कोणी नव्हतं.
मग मराठी,
आणि त्याच्याखाली
पान संपेस्तोवर दोन-दोन बारीक रेघा.
मी काही जाळलं नाही.

सांजेला नाल्याकडं निघालो तिघं.
तिच्या रानाला धनी असतो, मार्फा सांगत होती.
त्याच्या पावलावर आपलं पाऊल पडलं
की रोजची वाट ओळख देत नाही,
माणूस आपल्याच गावाभोवती फिरत राहतो.
मग चौवाटेवर भाकरीचा तुकडा ठेवायचा
आणि मागं न बघता यायचं.
चकवा, मी म्हणालो, शहाण्यासारखा.
लेतूबाई थांबली.
"तुमच्यात घेत असतीन त्याचं नाव. या वक्ताले."
आणि पदरातली ओंजळभर फुलं
तिनं वाटेच्या कडेला ठेवली,
मार्फाकडून एक पाव मागून घेऊन
त्याच्याशेजारी तोही.

मार्फा गेली. वहीत तीनशे बारा शब्द,
खिशात एक मोहाचं बी, जे तिकडं
उगवणार नाही हे तिला माहीत होतं.

जीप दिसेनाशी झाल्यावर लेतूबाईनं विचारलं,
सतरा वर्षांत पहिल्यांदा काहीतरी मला:
"गुर्जी, तुमच्यात जिभेले काय म्हन्तेत?"
जीभ.
"आन् बोलीले?"
भाषा.
ती थोडा वेळ टोपलीतला पाचोळा निवडत राहिली.
"दोन कायले?"

मी शाळेला कुलूप लावलं आणि निघालो.
पोड ते गाव, अडीच मैल, डोळे मिटून जाईन असा रस्ता.
मध्ये नाला एकदाच लागतो.
त्या दिवशी तीनदा लागला.